तुम्ही विचारलंत म्हणून: गेमिंग पीसीची यादी कुठून सुरू करायची

‘ताई, पोराला गेमिंग पीसी बनवून द्यायचाय. ही लिस्ट बघता का जरा?’ इंदूरच्या रामबागेतून, राजेंद्रनगरातून, आणि बारावीचा निकाल लागला की लोकमान्यनगरातून तर हमखास, हा प्रश्न माझ्याकडे येतो. मी पॉलिटेक्निकमध्ये हार्डवेअरची लॅब सांभाळते, शेजारपाजारची आणि नात्यातली मशिनं जोडून देते, म्हणून येतो. सोबत कोटेशनचा फोटो असतो. सगळ्यात वर ग्राफिक्स कार्ड, त्याखाली प्रोसेसर, मग बाकीचं, आणि तळाशी नुसतं ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’, म्हणजे बाहेरचा खोका आणि सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा. तोंडी पुष्कळदा सांगून झालंय. आता एकदा नीट लिहूनच काढते.

माझं म्हणणं असं की यादी ग्राफिक्स कार्डापासून सुरू करू नका. या मशीनच्या एका टोकाला मॉनिटर आहे आणि दुसऱ्या टोकाला भिंतीतला प्लग. ही दोन टोकं आधी पक्की करा. मधलं सगळं त्यावरून ठरतं, आणि बऱ्याचदा मनात धरलं होतं त्यापेक्षा स्वस्तात बसतं.

आधी मॉनिटर. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण २०.७ लाख ठिपके असतात. १४४०पी म्हणतात त्या पडद्यावर ३६.९ लाख, आणि फोर-केवर ८२.९ लाख, म्हणजे फुल एचडीच्या चौपट. ग्राफिक्स कार्डाचं काम हे ठिपके दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, नव्याने रंगवण्याचं. त्यात वेळेचा हिशोब आला. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या मॉनिटरला दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र लागतं, १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला सातच्याही आत. म्हणजे कार्ड किती मोठं हवं, याचं उत्तर कार्डाच्या डब्यावर सापडत नाही, ते टेबलावरच्या पडद्यात असतं. ऑफिसातून आणलेला ६० हर्ट्झचा जुना मॉनिटर तसाच ठेवायचा आणि पाऊण लाखाचं कार्ड घ्यायचं, तर त्या कार्डाची बरीचशी मेहनत कुणाला दिसणारच नाही.

प्रोसेसरचं काम वेगळं. खेळाडू कुठे आहे, गोळी कुणाला लागली, भिंत कुठे पडली, हा हिशोब तो करतो आणि चित्र काढायला कार्डाकडे देतो. ठिपके वाढले म्हणून त्याचं काम फारसं वाढत नाही, फ्रेम वाढल्या की वाढतं. म्हणून व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारखे खेळ फुल एचडीवर, खूप जास्त फ्रेमने खेळायचे असतील तर प्रोसेसरला महत्त्व येतं. सायबरपंक २०७७ सारखा देखणा आणि जड खेळ १४४०पीवर खेळायचा तर बजेटचा मोठा घास कार्डाला द्यावा लागतो. मुलांना मी पहिला प्रश्न हाच विचारते: खेळतोस काय? कॉलेजात जाणारी एक मुलगी आली होती, ती रोज खेळते तो एकच खेळ, व्हॅलोरंट. तिच्या यादीतलं कार्ड आम्ही एक पायरी खाली आणलं, वाचलेल्या पैशांत १८० हर्ट्झचा मॉनिटर आणि रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर बसवला. तिला जे हवं होतं ते त्यातच होतं.

प्रोसेसरवर फार वेळ घालवू नका. खेळांना आज सहा कोअर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले हिशोब करणारे सहा भाग, पुरतात. बघायचं ते सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. एएमडी कंपनीने एएम४ सॉकेटवर रायझन हा प्रोसेसर २०१७ मध्ये आणला आणि २०२४ मध्येही त्याच सॉकेटचे नवे प्रोसेसर निघत होते. हे मोठं सुख आहे, कारण बोर्ड तोच ठेवून पुढे प्रोसेसर बदलता येतो. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ कडून मला तीच अपेक्षा आहे, म्हणून नवीन मशीनला मी एएम५ सुचवते. त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते, हे ध्यानात ठेवा. घरी आधीच्या पिढीच्या, डीडीआर४ रॅमच्या चांगल्या स्टिक पडून असतील तर एएम४ वरचा रायझन ५ ५६०० अजूनही लाजवत नाही. नावापुढे ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं. थोडा स्वस्त पडतो, पण उद्या कार्ड बिघडून वॉरंटीत गेलं तर पडदा काळाच राहतो. कॉलेजच्या मुलांना मी ‘एफ’ घ्या म्हणत नाही. प्रोजेक्ट सबमिट करायच्या आठवड्यातच कार्ड बिघडलं तर काय करणार?

कार्ड घेताना मेमरी बघा. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी, दोन्ही २०२५ मध्ये आले, दोन्ही ८ जीबीतही मिळतात आणि १६ जीबीतही. डब्यावर नाव तेच असतं, म्हणून दुकानात आकडा नीट वाचा. नवे जड खेळ उच्च सेटिंगवर ८ जीबीत मावेनासे झालेत. मावलं नाही की उरलेलं साध्या रॅममधून ओढून आणावं लागतं आणि खेळ मध्येच अडखळतो. त्यातून ५०६० टीआय पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या रस्त्याच्या, आठच लेन वापरतं. बोर्ड बी४५० सारखा जुना, पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचा असेल तर तो रस्ता आणखी अरुंद होतो. म्हणून जुन्या बोर्डावर ८ जीबीचं कार्ड टाकणार असाल तर मी स्पष्ट नको म्हणते. नुसतं फुल एचडी आणि हलके खेळ असतील तर ८ जीबी ठीक आहे.

रॅमचं सध्या दुखणं झालंय. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीने मेमरीचे भाव भडकले. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये ग्राहकांसाठीचा क्रुशल हा आपला ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी एकच स्टिक घेऊन भागवावं असं वाटतं. तसं करू नका, ८-८ च्या दोन घ्या. दोन स्टिकने रॅमचा रस्ता दुप्पट रुंद होतो आणि खेळात ते जाणवतं. ३२ जीबीच हवी असेल तर १६-१६ च्या दोन घ्या, कारण डीडीआर५ च्या चार स्टिक लावल्या की वेग खाली आणावा लागतो. खेळ साठवायची एसएसडी एनव्हीएमई या वेगवान प्रकारचीच असावी, १ टीबीची असावी. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीतला फरक खेळताना डोळ्यांना दिसत नाही, पैसे त्यात घालू नका.

आता भिंतीतलं टोक. इथे मी सावकाश बोलणार आहे, कारण याच ओळीवर सगळे पैसे वाचवतात.

एसएमपीएसच्या बाजूला लेबल असतं. त्यावर ठळक छापलेलं ‘५०० वॅट’ सोडून द्या आणि खालचा छोटा तक्ता वाचा. त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे रकाने असतात, आणि प्रत्येकाखाली अँपिअर. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांची भूक १२ व्होल्टवरच भागते. १२ च्या रकान्यात २५ अँपिअर लिहिले असतील तर १२ गुणिले २५, म्हणजे ३०० वॅट. ‘५०० वॅट’ म्हणून विकत घेतलेला डबा कामाचे तीनशेच देतो. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ५४० वॅट. हा गुणाकार दुकानातच उभ्या उभ्या करा. ‘८० प्लस ब्रॉन्झ’ चा शिक्का वीज किती वाया जाते तेवढं सांगतो, आत संरक्षण किती आहे ते सांगत नाही. ओव्हर-व्होल्टेज आणि शॉर्ट सर्किटचं संरक्षण लिहिलेलं असावं, आणि निदान पाच वर्षांची वॉरंटी.

लॅबमध्ये एक मेलेला एसएमपीएस मी मुद्दाम उघडून ठेवलाय. हातात घेतला की आधी हलकेपणाच जाणवतो. जिथून वीज आत येते तिथे, सर्किट बोर्डावर, फिल्टरच्या कॉइलची जागा छापलेली आहे, गोल वेटोळ्याचं चित्रसुद्धा आहे. कॉइल मात्र नाही. त्या जागी दोन भोकांमध्ये तारेचा वाकडा तुकडा डाग देऊन बसवलाय. शेजारी कपॅसिटरची जागा छापलेली आणि तशीच मोकळी. हीटसिंक म्हणजे ॲल्युमिनियमची पातळ पट्टी. मुलांना हे दाखवलं की मला पुढे काही बोलावं लागत नाही. असा डबा मरताना बोर्ड आणि कार्डही सोबत नेऊ शकतो. यादीतल्या सगळ्यात महागड्या वस्तूचा जीव सगळ्यात स्वस्त वस्तूच्या हाती देऊ नये, एवढं माझं ऐका.

चांगला एसएमपीएस घेतल्यावर कधी कधी उलटीच तक्रार येते: ‘ताई, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, एसएमपीएस खराब निघाला.’ खराब नसतो. त्याच्या फिल्टरमधले कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात, आणि त्यांतून येणारा किंचितसा प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी योजना असते. भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागे तारच नसेल तर तो पत्र्यावर राहतो आणि आपल्या बोटांना कळतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत, नंतर चढवलेल्या मजल्यांवर हे सर्रास आढळतं. मशीन येण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंग तपासून घ्या. तो खर्च मी पीसीच्याच बजेटमध्ये धरते.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांत गल्लत होते. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. ५०६० टीआय एकटं १८० वॅटपर्यंत जातं, त्यात प्रोसेसर, बोर्ड, पंखे, मॉनिटर धरा, काठावर आलंच. हजार-अकराशे व्हीएचा घ्या. मृगाच्या आधीच्या वादळांत दिवे कसे उघडझाप करतात ते आपल्याला माहीत आहे. घरी साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल आणि त्याला यूपीएस मोड असेल तर तो लावून बघा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

आणि उन्हाळा. परदेशातले रिव्ह्यू बघून मुलं तापमानाचे आकडे पाठ करतात, पण ते आकडे थंड खोलीतले असतात. कार्ड हवेपेक्षा किती अंश वर राहतं ते बघायचं असतं. जानेवारीत खोली २० अंशांवर असताना कार्ड ६५ वर असेल, तर मे महिन्यात गच्चीखालच्या ३६ अंशांच्या खोलीत तेच ८० च्या वर जाणार. इंदूरच्या रात्री थंड म्हणून नावाजलेल्या, पण स्लॅबखालची खोली रात्री दहापर्यंत निवत नाही, आणि मुलं खेळतात ती नेमकी तेव्हाच. म्हणून समोरून जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. समोर अखंड काच असलेली कॅबिनेटं दिसतात छान, पण ते मे महिन्याच्या दुपारी खिडक्या लावून स्वयंपाक करण्यासारखं आहे. रायझन ५ ७६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर, त्याला पाण्याचा कूलर लागत नाही. डब्यातल्या पंख्यावर चालतो, बाहेरून साधा टॉवर कूलर लावला तर आवाज कमी होतो. खोलीतल्या डेझर्ट कूलरचा झोत मात्र कॅबिनेटवर येऊ देऊ नका, त्यातून ओलावा आणि धूळ एकदमच आत जातात.

खरेदीला आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये एक चक्कर मारा, ऑनलाइन भाव मोबाइलवर उघडा ठेवा, आणि पार्ट सुटे सुटे मागा. ‘कॅबिनेट के साथ यही एसएमपीएस आता है, मॅडम’ असं कुणी म्हणालं तर दोन्ही वेगवेगळे लिहून द्यायला सांगा. बिल जीएसटीचं, प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर टाकलेलं. अमेरिकेतल्या मामाकडून कार्ड मागवायचा मोह होतो, पण काही कंपन्यांची वॉरंटी त्या-त्या देशापुरतीच असते. आधी विचारून घ्या.

जोडताना मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा, जमलं तर त्यांच्याच हातांनी जोडून घ्या. बोर्डावर रॅमच्या चार फटी असतील तर बहुतेक बोर्डांवर दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या फटीत जातात. अंगठ्यांनी सरळ दाबा, ‘टक’ ऐकू येईपर्यंत. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा, वर बोर्डाची तशीच फट दिसते तिला नको. मशीन सुरू झालं की बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या अंगच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्स्पो ही रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग चालू करा, इंटेलच्या बोर्डावर त्याला एक्सएमपी म्हणतात. ते केलं नाही तर ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहते. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बदला. १८० हर्ट्झचा मॉनिटर आपण होऊन ६० वर सुरू झालेला असतो, आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

एवढं झालं की सगळ्यात जड खेळ लावा आणि तासभर तापमान बघा. कार्ड ८५ च्या खाली राहिलं तर निर्धास्त खेळा. वर गेलं तर कॅबिनेटचं झाकण काढून पुन्हा बघा. झाकण काढल्यावर आकडा चांगला दहा अंशांनी उतरला तर पंखे कमी पडताहेत किंवा उलटे लागलेत. उतरला नाही, तर मग मला फोन करा.