लेंड्यांचा हिशोब

दर शनिवारी पहाटे साडेपाचला मी कोथरूडहून वाईला निघते, तेव्हा गाडीत तीन गोष्टी हमखास असतात. झाकणाच्या टोपलीत बंड्या, त्याचं गवत आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आठवडाभराच्या लेंड्या. लेंड्या आईच्या हुकमावरून.

बंड्या म्हणजे ससा. करडा, एक कान कायम पडलेला. ऑफिसातली मैत्रीण परदेशी निघाली तेव्हा "दोनच महिने सांभाळ" म्हणून देऊन गेली, त्याला आता तीन वर्षं झाली. आईला फोनवर सांगितलं तर पलीकडून आवाजच नाही. मग म्हणाली, "घरात? आणि लेंड्या कोण काढणार?" प्रश्न रास्त होता. ससा दिवसाला दोन-तीनशे लेंड्या सहज टाकतो. (शिवाय एक मऊ प्रकार असतो, तो तो स्वतःच खातो, कारण त्यात पोषण असतं. हे आईपासून मी अजून लपवून ठेवलंय.)

पाच दिवस पुणे, दोन दिवस वाई, असं माझं बिऱ्हाड पाठीवरच आहे. बंड्याला ते मान्य नाही. कुठल्याही घरी पोचला की आधी हनुवटी घासत फिरतो. टेबलाचा पाय, गादीची कड, बाबांची चप्पल. हनुवटीखाली वासाच्या ग्रंथी असतात, त्यामुळे हे माझं, तेही माझं, असा सातबारा लिहीत जायचं. आठवड्यातून दोनदा फेरफार.

खंबाटकीच्या वळणांवर मला मळमळतं. सशाची मात्र शरीररचनाच अशी, की त्याला उलटी करताच येत नाही. पोटात गेलेलं पुढेच सरकायला हवं, आणि ते सरकायचं तर सतत गवत चघळत राहायला हवं. दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर जिवावर बेतू शकतं. हे मी वाचलं होतं, पण कळलं त्या पहिल्या पावसाळ्यात. रविवारी दुपारी बंड्या देवघराच्या कोपऱ्यात फुगून बसला. कोथिंबीर नाकाशी धरली तर तोंड फिरवलं. एरवी हरभऱ्याएवढ्या असणाऱ्या लेंड्या मिऱ्यांएवढ्या झाल्या, आणि मग बंदच. तिथले डॉक्टर गाईम्हशींचे. सशाचं आपल्याला कळत नाही असं त्यांनी सरळ सांगितलं, ते बरंच झालं. भर पावसात बोगद्यातून पुणं गाठलं. रात्री अकराला इंजेक्शन. मग मी सिरिंजने तासातासाला पाणी पाजत फरशीवर बसून राहिले.

पहाटे चारला ट्रेमध्ये एक लेंडी. एकच, वाकडी. मी तिचा फोटो काढून आईला पाठवला. दुसऱ्या क्षणी तिचे जोडलेले हात आले. माझ्या प्रमोशनच्या बातमीला तिने संध्याकाळी उत्तर दिलं होतं.

तेव्हापासून वाईला पोचलं की चहाच्या आधी तो एक कार्यक्रम असतो. प्रवासात बंड्या काहीच करत नाही, दगडासारखा बसतो. टोपली उघडून त्याला शहाबादी फरशीवर सोडायचं आणि वाट बघायची. आई ओट्यापाशी उभी राहून विचारते, "झाली का गं?" बाबा ट्रेसाठी जुनी वर्तमानपत्रं आणून देतात, पण आधी प्रत्येक पान चाळून देवाचे फोटो असलेली बाजूला काढतात. त्यामुळे गणपतीच्या दिवसांत ट्रेला कागदच पुरत नाही. दूर्वांची मात्र चंगळ. आई एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधते, उरलेल्या ह्याच्या पुढ्यात.

पुण्याच्या गुळगुळीत टाईल्सवर हाच ससा सतरंजीच्या बाहेर पाऊल टाकत नाही. कुकरची शिट्टी झाली की मागचा पाय दणकन आपटतो. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा विचारायला आल्या होत्या. वाईत तीच शिट्टी, पण हा मागचे पाय लांब पसरून पडलेला. मे महिन्यात तर उठतच नाही. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता जाते ती मुख्यतः कानांतून, त्यामुळे उन्हाळ्यात आम्ही पहाटे चारलाच निघतो. टोपलीत टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची बाटली असते.

लेंड्यांचा शोध आईने स्वतः लावला. शेणखत कुजवावं लागतं, ह्या तशाच मातीत घातल्या तरी मुळं जळत नाहीत. पहिल्यांदा गुलाबाला घातल्या, मग मोगऱ्याला. आता वाईच्या दोन दिवसांतल्या पुरत नाहीत, म्हणून पुण्याचा डबा.

मागच्या आठवड्यात ऑफिसचं काम निघालं. फोन केला, या शनिवारी येत नाही म्हणून.

"बरं," आई म्हणाली. "मोगऱ्याला कळ्या धरल्यात. वाईला कुणी येणार असेल तर डबा तेवढा पाठव."

"अगं, कुणी विचारलं डब्यात काय आहे, तर काय सांगू?"

तिने थोडा विचार केला.

"काहीही सांग. फक्त फुटाणे म्हणू नकोस, कुणीतरी तोंडात टाकेल."