पाच नगांचा हिशेब

मे महिन्यातल्या एका शनिवारी मी सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात मजुरीच्या प्रोग्रॅममधली चूक शोधायला गेलो होतो. तक्रार एका जुन्या विणकर मामांची होती आणि त्यांनी ती कागदावर मांडून आणली होती. "साहेब, नग दिले एकशे पंचवीस, पैसे आले एकशे वीसचे." दर डझनाला ५० रुपये होता, १२५ नगांचे ५२० रुपये ८३ पैसे व्हायला हवे होते, पावतीवर ५०० छापलेले होते.

प्रोग्रॅम सी भाषेतला, तीसेक फायलींचा, आणि लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला. असा परका कोड मी पहिल्या ओळीपासून वाचत बसत नाही. सीटॅग्ज हे साधन चालवून कोणत्या फंक्शनची, म्हणजे एकेक काम करणाऱ्या नावाच्या तुकड्याची, व्याख्या कोणत्या फायलीत आहे याची सूची बनवून घेतो. मग विम या कोड लिहिण्या-वाचण्याच्या एडिटरमध्ये फंक्शनच्या नावावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि बंद चौकोनी कंस दाबला की थेट त्या व्याख्येवर जाता येते, आणि कंट्रोल-टी दाबले की निघालो होतो तिथे परत येता येते. ही परतीची वाट मला उडीइतकीच मोलाची वाटते, कारण पाच-सहा फंक्शने आत गेल्यावर आपण कशासाठी शिरलो होतो हेच विसरायला होते.

पावती छापणाऱ्या फंक्शनपासून मजुरी काढणाऱ्या फंक्शनपर्यंत मी चार उड्यांत पोहोचलो. तिथे मात्र चूक नव्हती. नगांना पैशांतल्या दराने गुणून मग बाराने भागले होते. हाताने करून पाहिले तर ५२,०८३ पैसे आले. दोन तास मी तेच फंक्शन पुन्हा पुन्हा वाचले. शेवटी त्यात पडद्यावर एक खूण छापणारी ओळ घातली, प्रोग्रॅम कंपाइल करून, म्हणजे संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणून, चालवला, आणि ती खूण उमटलीच नाही. मी वाचत होतो ते फंक्शन चालतच नव्हते.

मग त्याच नावावर जी आणि बंद चौकोनी कंस दाबला, तेव्हा एकाच नावाच्या दोन व्याख्या यादीत दिसल्या, एक जुन्या फायलीत आणि एक नव्या. सूची अक्षरक्रमाने लागते. जुन्या फायलीचे नाव आधी येत असल्याने विम मला प्रत्येक वेळी तिथेच नेत होता. कोणत्या फायली कंपाइल करायच्या हे सांगणाऱ्या मेकफाइलमध्ये मात्र जुनी फाईल वगळून नवी घातलेली होती. नवीत आधी बाराने भागून मग दराने गुणले होते, आणि सीमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की बाकी टाकून दिली जाते. १२५ नगांचे १० डझन झाले. उरलेले पाच टॉवेल मामांनी विणले, पण हिशेबात आलेच नाहीत.

ओळ दुरुस्त केली. परंतु सीटॅग्ज व्याख्या दाखवते, त्या फंक्शनला कोण कोण बोलावते हे दाखवत नाही, म्हणून सीस्कोप लावून तेही पाहिले, तर बोनसचा हिशेबही तिथूनच जात होता. ज्यांचे नग बाराने पूर्ण भागले जात नव्हते अशा प्रत्येक विणकराची मजुरी पुन्हा काढावी लागणार होती. नवी फाईल वापरात आल्यापासूनच्या पावत्या हिशेबनीसांनी त्याच संध्याकाळी काढायला घेतल्या.