बेळगाव ते लंडन : खरे तास किती?

लेकीच्या बाळंतपणासाठी सप्टेंबरात लंडनला एकटीनं जायचं ठरलं. गुडघे दुखत असल्यानं मला एकच कळायला हवं होतं : बसावं किती वेळ लागणार? कोणी पाच तास म्हणे, कोणी चौदा. शाळेत भूगोल शिकवलाय, म्हटलं आपणच मांडू.

मुंबई-लंडन सरळ अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. हे 'सरळ' पृथ्वीगोलावरचं. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर रेघ इराकवरून जाते. गोलावर दोरा ताणला तर तो पाकिस्तानच्या कडेनं इराण, जॉर्जिया, युक्रेन, पोलंड असा वर चढतो. तोच सगळ्यांत जवळचा रस्ता. पण युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद, आणि एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना वाट बंद केलीय. म्हणजे वळसा आलाच. ताशी ९०० च्या वेगानं आठ तास हा हिशेब कागदावरच राहतो. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढणं, उतरणं, आणि पश्चिमेकडे जाताना समोरून येणारा वरच्या थरातला वारा.

तिकिटावर होतं : दुपारी १ ला सुटणार, संध्याकाळी ६ ला पोचणार. 'पाच तास' म्हणणारे इथंच फसतात. दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या. उन्हाळी घड्याळामुळे लंडन तेव्हा आपल्या साडेचार तास मागे, म्हणून प्रवास साडेनऊ तासांचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, मग फरक साडेपाचाचा. माझं परतीचं तिकीट नोव्हेंबरातलं, म्हणून तो हिशेब वेगळा मांडला. येताना वारा पाठीशी, त्यामुळे जरा लवकर.

आता बेळगाव ते मुंबई. सांबऱ्याच्या विमानतळाहून विमान तासाभराचं, पण तिकीट वेगळं असेल तर सामान आपणच उतरवून घ्यायचं, पुन्हा द्यायचं. देशांतर्गत विमान सांताक्रूझच्या टर्मिनलला उतरलं तर सहारच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलला जायला टॅक्सी वेगळी. त्यात बेळगावचं विमान रद्द झालं तर पुढचं कोणी थांबवत नाही. मी रात्रीची स्लीपर बस धरली. आठला सुटली. कोल्हापूर-सातारा पट्ट्यात सहापदरी रस्त्याचं काम चाललेलं, म्हणून उशिराला दोन-तीन तास मोकळे ठेवले होते, ते कामी आले. ह्यांचं म्हणणं विमानानंच जा. पण आडवं पडून गेल्यानं माझे पाय तरी सुजले नाहीत.

पुढच्या विमानात मधल्या वाटेकडची जागा मागून घेतली, दर दोन तासांनी उठून फिरले. उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान, मग मेट्रो. लेकीच्या दारात पोचेपर्यंत घर ते घर एकोणतीस तासांच्या आसपास गेले. त्यांतले हवेतले साडेनऊसुद्धा नव्हते, कारण त्यात जमिनीवर रांगणंही धरलेलं असतं. आपल्या भागातून कोणी वडीलधारं निघणार असेल, तर त्यांना औषधाच्या वेळा या एकोणतीस तासांवर बेतून द्या, विमानाच्या तासांवर नको.