सांगलीतलं साठच्या दशकातलं घर: खुर्च्या, स्प्रिंगचा दिवा आणि लेमन सेट

गावभागातल्या एका वाड्यातून आलेल्या चार सागवानी खुर्च्यांपैकी दोन आता बसण्याजोग्या झाल्या. तिसरीचे सांधे जुळलेत, वेत बाकी आहे. चौथी अजून सुट्या भागांत गच्चीवरच्या खोलीत बांधून ठेवली आहे. या वेळची नोंद मुख्यतः त्यांचीच, कारण सगळ्यात जास्त शिकायला त्यांच्याकडून मिळालं. दिव्याचं आणि काचेचं पुढे सांगते.

खुर्च्या १९६०च्या आसपासच्या. बाजूनं पाहिलं तर पुढचा आणि मागचा पाय वर एकमेकांजवळ येतात आणि खाली फाकतात. हात त्या दोघांवर आडवा टेकलेला, पाठ आणि बैठक दोन्ही वेताच्या, कोरीवकाम कुठेही नाही. वेलबुट्टी कोरलेल्या शिसवी खुर्च्या ज्यांच्या घरात होत्या, त्यांना हा बदल केवढा मोठा होता ते कळेल. स्वातंत्र्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या सुतारांनी कोरणी बाजूला ठेवली आणि लाकडाच्या रेषेवर भरवसा ठेवला. डेन्मार्कच्या हान्स वेग्नरची १९४९ची ‘राउंड चेअर’ मला अतिशय आवडते, तिच्या हाता-पाठीच्या तुकड्यांचे उघडे सांधे तर फारच. पण तसाच न लपवलेला, मन लावून केलेला सांधा सांगलीतल्या एका निनावी सुतारानंही केला होता आणि तो आज माझ्यासमोर आहे. म्हणून मी संग्रहाची हद्द ठरवून टाकली: सांगली-साताऱ्यात बनलेलं किंवा इथल्या घरांत वापरलेलं, साधारण १९५० ते १९७५ या काळातलं. हद्द आखल्यापासून बघणं जास्त बारकाईचं झालं आहे.

या खुर्च्यांनी २०१९चा महापूर पाहिला आहे. तेव्हा आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरल्यावर रस्त्याकडेला जे ढीग लागले त्यांत प्लायवूडची कपाटं सगळ्यात जास्त होती, थर सुटून फुगलेली. खुर्च्यांचे मात्र फक्त सांधे सुटले. लाकूड कुठेही फाटलं नाही, आणि त्याचं कारण सुटलेल्या कुसवांवरच, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणाऱ्या टोकांवरच, सापडलं. बोट फिरवलं की तपकिरी, ठिसूळ थर हाताला लागतो. तो सरस.

सरस हा सुतारांचा जुना डिंक, जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून करतात. ऊब आणि ओल लागली की तो मऊ पडतो, सांधा सोडून देतो, आणि सांधा पुन्हा त्याच जागी बसवता येतो. फेव्हिकॉल १९५९ साली आलं आणि पुढे हळूहळू सुतारांच्या चुलीवरचं सरसाचं भांडं गेलं. पांढऱ्या डिंकाचा सांधा ओढून काढायला जाल तर बहुतेक वेळा कुसूच तुटतं. त्यामुळे जुनी खुर्ची घेताना ती आधी उलटी करा आणि सांध्याची कड नखानं खरवडून बघा. तपकिरी चुरा पडला तर सरस. पांढुरका, चिवट थर निघाला तर काम नंतरचं, नाहीतर दुरुस्ती नंतरची. केवळ यावरून साल ठरवू नये, कारण गावोगावी सरस पुढेही बरीच वर्षं चालू होता. पण सरस, एका खाचेचे पितळी स्क्रू आणि वेतासाठी पाडलेली हातची भोकं असं सगळं एकत्र आलं की मी निर्धास्त होते.

सांधे जोडायला मी सरसच वापरला. दाणेदार सरस रात्रभर गार पाण्यात भिजवायचा, मग ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ६० अंश सेल्सियसच्या आसपास तापवायचं. उकळी येऊ द्यायची नाही, सरसाचा जोर जातो. कुसवावरचा जुना थर कोमट पाण्याच्या फडक्यानं मऊ करून काढला, पॉलिश पेपर अजिबात लावला नाही. पेपर लावला की कुसू बारीक होतं आणि मग सांध्यात फटी भरत बसावं लागतं. थंडीच्या दिवसांत सरस हातातच आळतो, म्हणून हे काम मी उन्हाळ्यात उरकलं. सांधा दाबून धरणारा शिकंजा रात्रभर तसाच ठेवायचा.

पॉलिशसाठी मिरजेला गेले. सतार-तंबोऱ्यांचं हे गाव, या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. सतारमेकर गल्लीतल्या एका बुजुर्ग कारागिरांना खुर्चीचा हात दाखवला. त्यांनी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस हाताच्या खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, हलकेच टेकवला. जागा चिकट झाली.

“लाखच आहे ताई. घासून काढू नका. जुनी लाख नव्या लाखेत विरघळते, तिलाच जागी करा.”

“चाचा, डाग गेले नाहीत तर?”

“साठ वर्षांचं लाकूड आहे. थोडे राहू द्या की.”

त्यांनी दाखवलेली रीत अशी: चपडा लाख स्पिरिटमध्ये पातळ विरघळवायची, सुती कापडात कापसाचा बोळा बांधायचा, तो लाखेत भिजवून सरळ आणि मग गोल हात फिरवायचा. बोळा अडखळायला लागला तर जवसाच्या तेलाचा एखादा थेंब. एका जागी थांबायचं नाही. थर जितके पातळ आणि जितके जास्त, तितकी चमक आतून येते. पावसाळ्यात हे काम पूर्ण बंद ठेवावं लागतं, हवेतल्या ओलीमुळे लाखेवर पांढुरकी छटा धरते. श्रावण-भाद्रपदात मी हातच लावला नाही, दसऱ्यानंतर पुन्हा सुरुवात केली. बाजारात हल्ली सर्रास मिळणारं मेलामाइन पॉलिश टिकाऊ आहे हे मान्य. पण ते एकदा चढवलं की पुढच्या माणसाला खरवडून काढण्याशिवाय मार्ग उरत नाही. लाखेवर चहाचा गरम कप ठेवता येत नाही, तेवढं जपेन.

एका खुर्चीच्या बैठकीखाली काळ्या रंगानं घराण्याची आद्याक्षरं आणि ४ हा आकडा लिहिलेला आहे. लग्नकार्यात खुर्च्या घरोघर फिरायच्या, तेव्हा परत ओळखून आणण्यासाठी. ती अक्षरं आहेत तशी ठेवली, त्यावर लाखेचा एक पातळ थर तेवढा दिला.

वेताबद्दल. बैठकीच्या चौकटीत ओळीनं भोकं असतील तर विणकाम हातचं. भोकांऐवजी सलग खाच असेल तर तयार जाळी पाचर ठोकून बसवलेली. माझ्या खुर्च्यांना भोकं आहेत. विणणारे काका दृष्टिहीन आहेत, अंधशाळेत हे काम शिकले आणि आयुष्यभर तेच करत आले. वेत पाण्यात भिजवून घेतात, चकचकीत बाजू वर ठेवतात. आधी उभे धागे, त्यावर आडवे, पुन्हा उभे, मग आडवे विणत नेतात, शेवटी दोन्ही तिरपे, आणि कडेला भोकं झाकणारी पट्टी. प्रत्येक फेरीनंतर ते बोटानं धागा छेडून ताण बघतात. वेत वाळताना आणखी आवळतो, म्हणून पूर्ण वाळेपर्यंत बसायचं नाही. वापरानं बैठक थोडी सैल झाली तर खालच्या बाजूनं ओलं फडकं फिरवून सावलीत वाळू द्या, बराच फरक पडतो. पहिल्या खुर्चीचं विणकाम पूर्ण झालं तेव्हा मी ती उजेडासमोर धरून कितीतरी वेळ बघत राहिले. इतकं सुंदर काम आपल्या गावात अजून होतं याचा मला फार आनंद झाला.

फोटो पाहून काहींनी विचारलं, या चंदीगडच्या खुर्च्या आहेत का. नाहीत. वास्तुकार पिएर जानरेच्या देखरेखीखाली चंदीगडच्या सरकारी इमारतींसाठी सागवान-वेताचं जे फर्निचर झालं, त्याचं मोल जगभर प्रचंड वाढलं आणि २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयानं त्याच्या विक्रीवर आणि परदेशी जाण्यावर बंदीचा आदेश काढला. तेव्हापासून फाकलेल्या पायाची कुठलीही खुर्ची चंदीगडची म्हणून खपवली जाते, खालून ठसे मारूनसुद्धा. आपल्या भागातल्या खुर्च्यांना असलं उसनं नाव देऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्या इथल्या सुतारांच्या आहेत, त्याच नावानं जपाव्यात.

आता दिवा. ड्रॉइंग बोर्डाला अडकवायचा स्प्रिंगचा दिवा साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मिळाला. या घराण्यातला मूळ दिवा इंग्लंडचा. मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणाऱ्या जॉर्ज कारवर्डाइननं १९३२ साली त्याचं पेटंट घेतलं आणि हर्बर्ट टेरी या स्प्रिंग बनवणाऱ्या कंपनीनं तो बाजारात आणला. माझा भारतीय नक्कल आहे, पण तत्त्व तेच: स्प्रिंगांचा ताण वरच्या टोपीचं वजन तोलून धरतो, म्हणून हात जिथे सोडाल तिथे थांबतो. टोपी बदलून हलकी बसवली तर हात आपोआप वर जातो. त्यामुळे पोचे आलेली टोपी तशीच ठेवली, आतून लाकडी हातोडीनं हलके ठोकून घेतली. वायरिंग मात्र पूर्ण नवं. कापडी वेष्टनाखालचं रबर कडक होऊन तुटत होतं, अशी वायर दिसायला कितीही छान असली तरी ठेवू नये. तीन पदरी वायर घातली आणि धातूच्या अंगाला अर्थिंग जोडलं. बेकेलाइटचा, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचा, होल्डर शाबूत होता, तो साफ करून पुन्हा बसवला. बल्ब एलईडी, म्हणजे टोपी तापत नाही.

दिव्यांच्या बाबतीत आपला भाग फार श्रीमंत आहे. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घराघरांत होता आणि १९६२मध्ये कोयनेची वीज सुरू झाली. एकाच घरात कंदील आणि बेकेलाइटच्या बटणाचा टेबल लॅम्प शेजारी शेजारी सापडतात ते यामुळे. मी दोन्ही घेते.

काचसामानाकडे येते. परदेशी संग्राहकांच्या खोल्यांत सोनेरी काठाचे कॉकटेल ग्लास, शेकर, चाकांची बार ट्रॉली असते. आपल्याकडे ते शोधत बसलात तर निराशा होईल, आणि कारण सरळ आहे. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९चा, सातारा-सांगली त्याच राज्यात. परवान्याशिवाय दारू बाळगणं गुन्हा होता. त्या काळातली सगळी हौस सरबताकडे वळली. उंच जग आणि सहा ग्लासांचा लेमन सेट लग्नाच्या आहेरात हमखास यायचा आणि काचेच्या कपाटात पुढच्या रांगेत बसायचा. ठिपके, तिरप्या रेषा, सोनेरी कड, फिकट हिरवा आणि अंबर रंग: आकार आणि नक्षी पाहिली तर त्या काळच्या बारवेअरच्या शेजारी मानानं ठेवावेत असे हे सेट आहेत. माझ्याकडे आता तीन पूर्ण झाले. तिसऱ्यातला शेवटचा ग्लास विट्याच्या आत्याबाईंच्या कपाटात निघाला, त्यांनी तो ओटी भरताना माझ्या हातात ठेवला. तळाशी वडोदऱ्याच्या अलेम्बिकचं ‘येरा’ हे नाव असेल तर ओळख सोपी. रंगीत नक्षी काचेवर वरून भाजलेली असते, म्हणून तारेची घासणी आणि डिशवॉशर दोन्ही टाळा. कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडकं पुरे.

किर्लोस्करवाडीला नांगर आणि पंपांबरोबर लोखंडी फर्निचरही बनायचं. त्यातली एक नळीची खुर्ची पलूसकडून येण्याची बोलणी चालू आहेत. आली की तिच्याबद्दल स्वतंत्र लिहीन, गंज काढण्यापासून.

पुढचं काम काजूच्या आकाराच्या टीपॉयचं. पाय सागवानी, निमुळते, टोकांना पितळी टोप्या, वर पिवळसर सनमायका. एका कडेला सनमायका उचकटला आहे. तो न मोडता खालचा जुना डिंक मऊ करायचा आहे. पायांच्या चार टोप्यांपैकी एक हरवली आहे. आतला व्यास १८ मिलिमीटर, उंची साधारण दीड इंच. सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा, कुठेही जुन्या हार्डवेअरच्या दुकानात तशी पितळी टोपी दिसली तर माझ्यासाठी बाजूला ठेवायला सांगा, मी येऊन घेईन.