मसुरी, सॅव्हॉय : दुसरी फेरी आणि तीन टकटक

मसुरीच्या सॅव्हॉय हॉटेलात भूत शोधायला गेलो होतो, त्या मागच्या फेरीत मोठी चूक झाली होती. शांत खोलीत ईएमएफ मीटर (विद्युत-चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) किती दाखवतो हेच माहीत नसताना त्याची सुई हलली की माझ्या अंगावर काटा! म्हणून या वेळी निघण्याआधी तीन रात्री पुण्यातल्या घरीच ईएमएफ मीटर आणि रेकॉर्डर लावून ठेवले. फ्रिज, राउटर आणि मोबाइल धरले तर माझं घर मसुरीपेक्षा जास्त झपाटलेलं निघालं. आजी म्हणाली, "पैसे भरून भूत बघायला कशाला जातोस रे? आपल्या पिंपळावरचा मुंजा फुकट आहे."

नव्या मंडळींसाठी गोष्ट थोडक्यात. सॅव्हॉय सुरू झालं १९०२ मध्ये. १९११ साली फ्रान्सिस गार्नेट-ऑर्म ही इंग्रज बाई तिथल्या खोलीत मेलेली सापडली. दार आतून बंद, मृत्यू प्रुसिक ॲसिड या विषाने. तिला आणि तिची सोबतीण इव्हा माउंटस्टीफन हिला मृतात्म्यांशी बोलण्याचा नाद. इव्हावर अलाहाबादला खटला चालला, ती निर्दोष सुटली. हयातभर दुसऱ्यांच्या आत्म्यांना बोलावणाऱ्या बाईला आता लोक अंधारात "आहेस का?" विचारत बसतात. मला ते ओशाळवाणं वाटतं. मी प्रश्न विचारत नाही, नुसतं ऐकतो.

पहिली रात्र : पावणेतीनच्या सुमाराला तीन टकटक, ठरावीक अंतराने. मित्र पांघरुणातून म्हणाला, "तूच बघ." मीटर ढिम्म.

दुसरी रात्र : दोन रेकॉर्डर. एक थेट जमिनीवर, दुसरा घडी घातलेल्या रजईवर. खिडकीशी तापमानाची नोंद ठेवणारं यंत्र. टकटक पुन्हा झाली, पण जमिनीवरच्या रेकॉर्डरवर ठळक आणि रजईवरच्यावर जेमतेम. म्हणजे आवाज हवेतून नाही, लाकडातून येत होता. आणि नेमक्या त्याच तासात खोली चार अंशांनी गार झाली होती. जुनं लाकूड थंडीत आकसतं तेव्हा असंच बोलतं. निदान या टकटकीपुरतं मी समाधानी आहे.

खिडकीकडे पाठ केली की मागे कुणी उभं असल्यासारखं वाटायचं, त्याचं मात्र काही जमलं नाही. ब्रिटिश अभियंता विक टँडी यांनी १९९८ च्या लेखात एका प्रयोगशाळेतलं 'भूत' पंख्यापर्यंत नेऊन पोचवलं होतं. पंख्याचा सुमारे १९ हर्ट्झचा, कानाला न कळणारा कंप असा भास घडवतो, असं त्यांचं म्हणणं. माझा रेकॉर्डर तेवढ्या खालचं नीट पकडतच नाही, त्यामुळे दोन रात्रींच्या फायली या बाबतीत निरुपयोगी.

पुढची फेरी हिवाळ्यात. वीस हर्ट्झखालचं ऐकणारा मायक्रोफोन कुणाकडे पडून असेल तर उसना हवा आहे. ईएमएफ मीटर कुणाला हवा असल्यास अर्ध्या किमतीत देतो.