नाव एकच, कागद तीन सरकारांचे

परवा पंचायतीत घरपट्टी भरायला भावासोबत गेले होते तर तिथल्या क्लार्क मुलीने विचारलं, बाय तुम्ही इकडच्याच ना, मग तुम्ही फॉरेनर कशा? मागे रांग होती, तिला उभ्या उभ्या काय सांगणार, हसले आणि पावती घेऊन बाहेर आले. पण प्रश्न डोक्यात राहिला म्हणून आज सगळं लिहून काढतेय. आमच्यासारखे अजून बरेच जण म्हातारपणी गोव्यात परत यायच्या विचारात आहेत आणि त्यांना कोणीच सरळ सांगत नाही.

तर, माझा जन्म १९५८ चा, साखळीजवळच्या गावातला. म्हणजे जन्मले तेव्हा राज्य पोर्तुगीजांचं होतं, तीन वर्षांची असताना गोवा मुक्त झाला आणि मी भारतीय झाले, पंचविसाव्या वर्षी नर्सिंगच्या नोकरीसाठी इंग्लंडला गेले, १९८७ मध्ये तिकडेच लग्न केलं आणि पुढे तिकडचा पासपोर्ट घेतला. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपण होऊन घेतलं की भारताचं आपोआप जातं, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ हेच सांगतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. फक्त त्याचा अर्थ काय होतो ते वयाच्या पासष्टीत कळलं, जेव्हा ज्या घरात माझं बारसं झालं त्याच घरात राहायला मला व्हिसा काढावा लागला.

नवरा इंग्रज, लेस्टरचा, टपाल खात्यातून रिटायर झालेला. त्यालाच इकडे यायची माझ्यापेक्षा जास्त घाई. मी म्हटलं थांब, आधी कागद बघू. कारण भारतात रिटायरमेंट व्हिसा असा प्रकारच नाही, थायलंडला वगैरे असतो तसा. पेन्शन दाखवली की राहा, असं इथे चालत नाही. आणि पेन्शनचंही सांगून ठेवते, इंग्लंडचं स्टेट पेन्शन भारतात राहिलात तरी मिळतं पण दर वर्षीची वाढ मिळत नाही, आलात तेव्हा जेवढं होतं तेवढ्यावरच ते गोठतं. आम्ही हा हिशेब मांडूनच आलो.

आल्यापासून जो भेटेल तो एकच सांगायचा, ओळख लाव नाहीतर एजंट पकड. एका एजंटकडे आम्ही गेलोही. त्याने सांगितलं की टुरिस्ट व्हिसावर राहा, ब्रिटिश पासपोर्टला एका वेळी १८० दिवस मिळतात, संपत आले की श्रीलंकेला किंवा नेपाळला एक फेरी मारून या, सगळे तेच करतात. खरंच करतात, किनाऱ्याकडच्या गावांत अशी माणसं वर्षानुवर्षं राहिलेली मी बघितलीयत. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाने दर सहा महिन्यांनी बॅग भरायची आणि परत येताना काउंटरवरचा माणूस आत घेईल की नाही या धाकात उभं राहायचं, हे मला अजिबात पटलं नाही. शिवाय टुरिस्ट व्हिसावर असताना इथून ओसीआयचा, म्हणजे मूळच्या भारतीयांना आणि त्यांच्या नवरा-बायकोला पुन्हा पुन्हा व्हिसा न काढता इथे राहू देणाऱ्या कार्डाचा, अर्ज करता येत नाही आणि आम्हाला तर शेवटी ओसीआयच हवं होतं. बरं झालं, आम्ही लंडनहूनच एंट्री व्हिसा घेऊन आलो होतो, ज्याला सगळे एक्स व्हिसा म्हणतात. मी मूळची भारतीय म्हणून मला, आणि माझा नवरा म्हणून त्याला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरलो. व्हिसा १८० दिवसांच्या वरचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत रजिस्ट्रेशन करायचं असतं, ते आता ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या साइटवर, ऑनलाइन होतं, २०१८ पासून. आणि त्याच्या आधी असतो तो फॉर्म सी. घरात परदेशी माणूस उतरला की चोवीस तासांत घरमालकाने कळवायचं. हॉटेलच असं नाही, साधं राहतं घर असलं तरी. तर माझ्या भावाला त्या साइटवर घरमालक म्हणून नोंद करून त्याच्या सख्ख्या बहिणीचं नाव पाहुणी म्हणून भरावं लागलं. तो कॉम्प्युटरसमोर बसला आणि हात मागे घेतले. म्हणाला, भावोजींचं भरतो, तुझं नाही भरवत मला. वहिनीने त्याला चहा आणून दिला, थोडा वेळ कोणी काही बोललं नाही, मग मीच त्याच्या बाजूला बसून टाइप केलं आणि त्याने फक्त सबमिटचं बटण दाबलं. पण बाबा रे, भरलं ते बरं केलं. तो फॉर्म नसता तर पुढचं काही हललंच नसतं. मांद्रे, हरमल, मोरजी भागात जे लोक खोल्या भाड्याने देतात त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, फॉर्म सी टाळू नका. तुम्हाला वाटतं कशाला ती कटकट, पण त्या म्हाताऱ्या भाडेकऱ्याचं पुढचं प्रत्येक काम त्या एका कागदावर अडतं, आणि त्याला कळतही नाही की का अडतंय. २०२५ च्या सप्टेंबरपासून नवीन इमिग्रेशन कायदा लागू झाला, १९४६ चा जुना फॉरेनर्स ॲक्ट गेला, तरी घरात उतरलेल्या परदेशी माणसाची खबर देण्याची जबाबदारी घरमालकावरच आहे.

राहण्याच्या पुराव्याला विजेचं बिल मागतात. आमचं बिल अजून बाबांच्या नावावर, बाबा जाऊन वीस वर्षं झाली. गोव्यात किती घरांत हे असंच आहे! घरपट्टी मात्र भावाच्या नावावर करून घेतलेली, ती पावती, त्याचं आधार आणि त्याचं हमीपत्र जोडलं, आणि तेवढ्यावर आमचं निभावलं. पावसाळा नुकता संपत होता, संध्याकाळी वीज जायची, पीडीएफ ठरलेल्या साइझच्या वर गेली की चढायची नाही, मग साखळीला झेरॉक्सवाल्याकडे जाऊन बारीक करून आणायची. तो मुलगा फार चांगला, दोन दिवसांनी पैसेच घेईना.

रजिस्ट्रेशन झालं. मग ओसीआय. आणि इथे खरा गुंता सुरू झाला, जो माझ्या नावाचा होता.

आमचं आडनाव कामत. सगळे कागद आम्ही जेवणाच्या टेबलावर मांडले आणि नवऱ्याने आयुष्यभर पाकिटांवरची नावं वाचलेली असल्याने तोच एकेक उचलून बघायला लागला. माझा जन्माचा तेओर, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या नोंदवहीतली पूर्ण नक्कल, त्यात आडनाव कामोतीं. तेव्हा सगळ्यांचंच तसं लिहायचे, प्रभूचं पोरोबो, नाईकचं स्पेलिंगही वेगळंच. शाळेचा दाखला आमच्या गावच्या मराठी प्राथमिक शाळेचा, भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव निघाल्या त्यातली, त्यावर मास्तरांच्या वळणदार देवनागरीत कामत. जुन्या भारतीय पासपोर्टवर इंग्रजीत कामत. आणि लग्नाच्या इंग्लंडच्या सर्टिफिकेटवर बापाचं नाव आणि धंदाही लिहितात, तिथे त्या बाईने ऐकून लिहिलं ते कामथ, शेवटी एच लावून. सदतीस वर्षांत आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. आताच्या पासपोर्टवर तर नवऱ्याचं आडनाव. बाबा एक, मुलगी एक, आणि टेबलावर चार घरची माणसं असल्यासारखं दिसत होतं.

आम्ही तरीही तसाच अर्ज केला, वाटलं चालून जाईल. नाही चाललं. शंका काढून परत आला. तेव्हा मी रात्रभर जागी होते, कारण नवऱ्याचा अर्जही माझ्यावरच टांगलेला. इंग्रज माणसाला ओसीआय मिळतं ते बायकोमुळे, लग्न रजिस्टर झालेलं हवं आणि अर्जाच्या आधी किमान सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. पण बायको कोण हेच कागदावर पक्कं होईना तर त्याचं काय होणार.

मग एकेक सोडवत गेलो. लग्नाच्या सर्टिफिकेटची नवीन प्रत मुलीने तिकडून काढली आणि तिच्यावर अपोस्टिल करून पाठवली, कारण परदेशात निघालेला कागद इथे चालायला तो शिक्का लागतो. तो शिक्का तिकडचंच सरकार मारतं, म्हणून ज्यांना यायचंय त्यांनी निघायच्या आधीच करून घ्या, दोन प्रती करून घ्या. तेओर पोर्तुगीजमध्ये, त्याचं भाषांतर करून घ्यायला पणजीला एका वयस्कर गृहस्थांकडे गेले. पोर्तुगीज शिकलेली ही पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिलीय. त्यांनी चष्मा पुसून ती नक्कल मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि वाचता वाचता दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं आली, त्या नोंदीत ती असतातच. माझ्या आईच्या आईचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ती माझ्या जन्माआधीच गेली होती, घरात सगळे तिला नुसतं आजी म्हणायचे, आईही कधी नाव घ्यायची नाही. मी त्यांना तेवढी ओळ परत वाचायला लावली. कदंबाच्या बसने घरी येईपर्यंत ते नाव मनात म्हणत आले.

शेवटचा उपाय म्हणजे ॲफिडेव्हिट, 'वन अँड द सेम पर्सन' म्हणतात ते. स्टॅम्प पेपरवर आडनावाची सगळी रूपं लिहायची, कुठलं कुठल्या कागदावर आहे ते तारखेसकट लिहायचं, आणि ही सगळी एकाच व्यक्तीची असं शपथेवर सांगून नोटरीसमोर सही करायची. माझं वेगळं आणि बाबांच्या नावाचं वेगळं. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर पाच महिने वाचले असते. ओळख, एजंट काही लागलं नाही.

अर्जात ओसीआय कशाच्या आधारावर मागताय ते निवडायचं असतं. माझ्याकडे जुना भारतीय पासपोर्ट होता, रद्द केल्याच्या शिक्क्यासकट जपून ठेवलेला, त्यामुळे मी आधीची भारतीय नागरिक म्हणून सरळ. पण त्यात अजून एक ओळ आहे, १५ ऑगस्ट १९४७ नंतर जो प्रदेश भारतात आला तिथली व्यक्ती, अशी. ती ओळ आपली आहे, गोव्याची. जे १९६१ च्या आधीच आफ्रिकेत किंवा लिस्बनला गेले आणि ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट कधी नव्हताच, त्यांनी ती बघा. मी बोट ठेवून नवऱ्याला वाचून दाखवली.

आणि ज्यांनी आईबाबांचा जन्म लिस्बनला नोंदवून पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, आमच्या गावातही आहेत, त्यांची गोष्ट अजून अवघड होती. सरेंडर सर्टिफिकेटऐवजी, म्हणजे भारतीय पासपोर्ट परत केल्याच्या दाखल्याऐवजी, पासपोर्ट रद्द केल्याचा आदेश हातात यायचा आणि सरेंडर सर्टिफिकेट नाही म्हणून ओसीआय अडायचं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने तो रद्द केल्याचा कागदही चालेल असं म्हटलं होतं, सध्या काय चालतं ते अर्जाआधी विचारून घ्या. भावाचा एक वर्गमित्र त्यामुळे सुटला, आईच्या आजारपणात तो व्हिसा काढून काढून येत होता.

फी इथून केली तर माणशी पंधरा हजार रुपये. फोटोची पार्श्वभूमी फिकट हवी पण पांढरी नको. आमच्या फोटोवाल्याने सवयीने दोन्ही वेळा पांढरीच दिली, तिसऱ्या वेळी वहिनीची फिकट निळी साडी मागे धरली. सहीचा स्कॅन उंचीच्या तिप्पट रुंद लागतो. एवढं सांभाळलं तर बाकी फॉर्म सोपा आहे.

दुसऱ्यांदा अर्ज गेला त्यावर काही शंका आली नाही. तपासणीला बोलावलं तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने तेओर हातात धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाला, माझ्या आजोबांचाही असाच आहे घरी. नवऱ्याला त्याने फक्त एवढंच विचारलं की इथे बरं वाटतं का. नवरा म्हणाला, चवथीला गणपतीवरची माटोळी मी बांधली. मराठीत म्हणाला, अडखळत, पण बरोबर म्हणाला.

दोन्ही पुस्तिका आल्या. मतदान करता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही, हे ठाऊक आहे. कुळागर भाऊ बघतोय, त्याच्याकडेच राहील, मला त्यातल्या सुपाऱ्या वेचायला मिळाल्या की पुरे. पण आता रात्री झोपताना तारखा मोजाव्या लागत नाहीत. नवऱ्याचं वय एकाहत्तर आहे, ते किती मोठं आहे हे मलाच माहीत.

कागद परत पेटीत ठेवायच्या आधी मी भावाला म्हटलं, तुमचेही काढा सगळे, आता टेबल मांडलेलंच आहे तर बघून टाकू. वहिनी नको नको म्हणत होती. माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं वेगळं, आधारवर एक अक्षर जास्त, रेशन कार्डावर एक कमी, आणि बँकेत तर नवऱ्याचं नावच आधी. कालच सगळं एका वहीत लिहून काढलं. सोमवारी सकाळच्या बसने मी आणि ती डिचोलीला नोटरीकडे जातोय.