कियोसुमीतला ऑक्टोबरचा चहा

दर ऑक्टोबरात एका रविवारी आमचं मंडळ तोक्योच्या कियोसुमी उद्यानातलं र्योतेई, म्हणजे तळ्याकाठचं पाहुणघर, चहा समारंभासाठी भाड्याने घेतं. तळ्याच्या पाण्यावर पुढे आलेली ही लाकडी वास्तू इवासाकी घराण्याने 1909 साली लॉर्ड किचनेरच्या पाहुणचारासाठी बांधली. किचनेर त्याच वर्षी हिंदुस्थानच्या सरसेनापतिपदावरून उतरला होता. 1923 चा भूकंप आणि 1945 चे बॉम्बहल्ले, दोन्हींतून ती वाचली. स्वागत, ग्रुप फोटो, वर्गणीची आठवण हे सगळं असतंच, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

खरी गडबड मागे, मिझुयात, म्हणजे चहाच्या तयारीच्या खोलीत. माणशी 2 ग्रॅम माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, आणि 60-70 मिली पाणी. चाळीस जणांना 80 ग्रॅम लागतो. 40 ग्रॅमचे दोन डबे पुरायला हवेत, तरी तिसरा जवळ ठेवतो, कारण कुणाचा तरी हात सैल असतोच. डबे आदल्या रात्रीच फ्रीजबाहेर काढायचे. गार डबा लगेच उघडला तर पूड ओल धरते. सकाळी ती चाळून घ्यायची. न चाळलेल्या पुडीच्या गुठळ्या कितीही घुसळा, तळाशी राहतातच. पाणी 80 अंशांच्या आसपास, उकळतं ओतलं की चहा कडवट. चासेन, म्हणजे बांबूचा घुसळा, आधी कोमट पाण्यात भिजवायचा, नाहीतर काड्या मोडून वाडग्यात येतात. आपल्याकडचे नवशिके तो रवीसारखा गोल फिरवतात आणि फेस का येत नाही म्हणून बघत बसतात. मनगट सैल ठेवून पुढे-मागे चालवायचा, शेवटी एकच सावकाश वळसा आणि मधोमध उचलायचा. आमच्या सेन्सेई, म्हणजे गुरुबाई, चहाविधीच्या उरासेंके परंपरेतल्या, त्यामुळे फेस भरपूरच हवा.

पाहुण्यांना दारातच सांगावं लागतं: अंगठी आणि घड्याळ काढा (वाडग्याला चरा पडतो), मोजे पांढरे हवेत, अत्तर नको, तातामीच्या, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईच्या, काठावर पाय नको. गोड आधी संपवायचं, मग चहा. शेजारच्याला ‘ओसाकी नी’, म्हणजे ‘तुमच्या आधी घेते’, म्हणायचं. वाडगा तळहातावर घेऊन घड्याळाच्या दिशेने दोनदा फिरवायचा, म्हणजे त्याची दर्शनी बाजू ओठांना लागत नाही. शेवटचा घोट आवाज करून प्यायचा. आपल्या मुलांना एवढा एकच नियम मनापासून आवडतो.

पण दरवर्षी ज्यासाठी जीव अडकतो, ते प्रश्नोत्तर चहा संपल्यावर होतं. ऑक्टोबर हा ‘नागोरी’चा महिना, म्हणजे सरत आलेल्याची हुरहूर. गेल्या नोव्हेंबरात उघडलेल्या बरणीतली चहापत्ती आता तळाला गेलेली असते, म्हणून मुद्दाम डागडुजी केलेली भांडी काढतात. सेन्सेईंचा एक वाडगा तडकलेला आहे, लाखेने सांधून वर सोनं भरलेला. मुख्य पाहुणा हात टेकून विचारतो, या चाशाकुचं नाव काय? तो बांबूचा वीतभर चमचा. सेन्सेई क्षणभर थांबतात आणि म्हणतात, ‘हात्सुकारी’. हंगामातले पहिले रानहंस. बस, एवढंच. खोलीत कुणी हलत नाही, तळ्यातला मासा उडाल्याचा आवाज तेवढा येतो.

हे ऐकायला यंदा किती होते? चाळीस नावं आली, सत्तावीस माणसं. ताजी वागाशी, म्हणजे चहाआधीची जपानी मिठाई, त्याच दिवशी संपवावी लागते आणि दुकानदार ती मोजून करतो. ‘बघू, जमलं तर येऊ’ म्हणणाऱ्यांनी तेरा नगांचा हिशेब ध्यानात ठेवावा. फोटोपुरते येऊन गेलेल्यांबद्दल बोलत नाही.

आलेल्यांपैकी कुणाचे आभार मानायचे राहायला नकोत. निशी-कासाईहून किटली मांडीवर घेऊन आलेले काका, मोन्झेन-नाकाचोला गाडी बदलतानाही ती खाली न ठेवणारे. विजेची शेगडी आणि एक्स्टेंशन आणणारा त्यांचा भाचा. दारात चपला जोड्यांनी लावणाऱ्या दोघी बहिणी. मागून भरलेले वाडगे तीन पाळ्यांत नेणाऱ्या पाचही जणी, त्यातल्या एकीचा किमोनो उसना होता. गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी बुटकी स्टुलं शोधून आणणारे शेजारचे जपानी आजोबा. वाडगे नुसत्या पाण्याने धुऊन, पुसून, पेट्यांच्या दोऱ्या बरोबर बांधणाऱ्या वहिनी. आणि चासेन साबण न लावता धुऊन घरी सुकवायला नेणारी सगळ्यात धाकटी मुलगी; सहाही चासेन अजून तिच्याचकडे आहेत.